शाळेची नोंदवही आणि संगणक
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या घरातील सत्तरीच्या माणसांना त्यांची जन्मतारीख विचारून पाहा. त्यांतील पुष्कळजण १ जून असे उत्तर देतील. एवढी माणसे एकाच दिवशी जन्माला आली, असे मात्र कोणी समजू नये. जूनमध्ये शाळा उघडे, बाप मुलाला बोटाला धरून घेऊन येई आणि जन्मतारीख त्याला ठाऊक नसे. मग मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो की नाही एवढे गुरुजी पाहात, आणि वय पुरे भरेल अशा बेताने १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. ती तारीख त्या माणसाला जन्मभर पुरली. नोकरी तिच्या आधाराने लागली आणि निवृत्तीही तिनेच ठरवली. ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची जी गर्दी होत आली, तिचे मूळ त्या गुरुजींच्या टाकात होते.

शाळेच्या नोंदवहीतील एका ओळीचे बळ किती असते, हे ध्यानी यावे म्हणून हे सांगितले. आता ती ओळ टाकाने लिहिली जात नाही, ती संगणकावर लिहिली जाते. वहीतील ओळ शाळेच्या कपाटात राहात होती. संगणकातील ओळ क्षणात जिल्ह्याला, राज्याला आणि दिल्लीला पोचते. म्हणून शाळेत विद्यार्थ्यांच्या नोंदींची संगणकप्रणाली सुरू करताना आरंभ कोठून करावा, याविषयी एका शिक्षिकेच्या अनुभवाचे चार शब्द आज आपणांपुढे ठेवावयाचे आहेत.

प्रथम आजची स्थिती काय आहे ते पाहू. पूर्वी शाळांकडून सरकारला फक्त आकडे जात: मुले किती, मुली किती, खोल्या किती. २०१२-१३ पासून पहिलीपासून बारावीपर्यंतच्या सर्व शाळांची माहिती यू-डायस या एकाच व्यवस्थेत येऊ लागली. २०१८-१९ मध्ये तिचे यू-डायस प्लस झाले, आणि २०२२-२३ पासून आकड्यांऐवजी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद मागितली जाऊ लागली. त्या नोंदीला पेन नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. त्याशिवाय राज्यांच्या आपापल्या प्रणाली आहेत. महाराष्ट्रात २०१५ साली सरल आली. कर्नाटकात सॅट्स आहे. शिवाय फीची पावती, हजेरी आणि गुणपत्रके यांसाठी अनेक शाळा स्वतःचे वेगळे सॉफ्टवेअर घेतात. म्हणजे एका मुलाचे नाव निदान तीन ठिकाणी लिहिले जाते, आणि ते तिन्ही ठिकाणी एकसारखेच असावयास हवे.

येथेच पहिली गोष्ट सांगावीशी वाटते. नवे सॉफ्टवेअर आले की शाळेत उत्साह असतो. संगणकाची खोली रंगवली जाते, विक्रेत्याचा माणूस येऊन पडद्यावर रंगीत आलेख दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी कारकून जुन्या याद्या भराभर आत चढवू लागतो. हा क्रम उलटा आहे. आरंभ यंत्रापासून करावयाचा नसून नोंदवहीपासून करावयाचा आहे. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही, हा शाळेचा मूळ दस्तऐवज. हजेरीपट, परीक्षेची यादी, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आधारपत्र यांत काहीही लिहिलेले असो, शाळेपुरते खरे कोणते हे त्या वहीवरून ठरते. ती वही आधी तपासावी, जेथे शंका असेल तेथे खूण करावी आणि मगच यंत्राजवळ जावे. चुकीची यादी यंत्रात घातल्याने ती सुधारत नाही. ती अधिक वेगाने सर्वत्र पोचते, इतकेच.

आपल्या सीमाभागात तर नावांचीच परीक्षा असते. सुनीता हे नाव रोमन लिपीत लिहिताना मराठी माणूस शेवटी टी आणि ए ही अक्षरे लिहितो. कानडी रीतीत त या अक्षरासाठी पुष्कळदा टी-एच लिहितात. ज्ञानेश्वराचा ज्ञ आपण डी-एन-वाय असा लिहितो, तर कर्नाटकात तो जे-एन किंवा जी-एन असा होतो. मराठी रीतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम. कानडी रीतीत आडनावाऐवजी गावाची वा वडिलांची आद्याक्षरे पुष्कळ ठिकाणी चालतात. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची रीत सर्वत्र नाही. बाप्तिस्म्याचे नाव आणि आडनाव एवढ्यावर काम भागते. यंत्रातला रकाना मात्र तीन नावे मागतो. तो रिकामा राहू नये म्हणून एकजण तेथे वडिलांचे नाव भरतो, दुसरा मुलाचे दुसरे नाव भरतो, आणि तिसरा नुसते टिंब देऊन पुढे जातो. माणसाला ही तिन्ही नावे एकाच मुलाची आहेत हे कळते. यंत्राच्या लेखी ती तीन मुले असतात.

यासाठी काम सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एका पानावर नियम लिहून काढावेत. नावाचे स्पेलिंग कोणत्या कागदावरून घ्यावयाचे, वडिलांचे नाव नसल्यास काय करावयाचे, तारीख कोणत्या क्रमाने लिहावयाची, हे ठरवून ते पान संगणकाशेजारी लावावे. तारखेची बाब विशेष लक्षात ठेवावी. आपण आधी दिवस आणि मग महिना लिहितो. काही संगणक अमेरिकन रीतीने आधी महिना धरतात. ४ मार्चला जन्मलेली मुलगी तेवढ्याने ३ एप्रिलची होते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण दोन्ही तारखा दिसावयास सारख्याच साळसूद. त्याचप्रमाणे एक्सेलच्या तक्त्यात लांब क्रमांक घालण्यापूर्वी त्या रकान्याला ‘हा मजकूर आहे’ असे सांगून ठेवावे. तसे न केल्यास बारा आकडी क्रमांक भलत्याच रूपात दिसू लागतो आणि क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळून पडतात.

दुसरी गोष्ट तपासणीची. यंत्रात भरलेली प्रत्येक नोंद कागदावर छापून मुलाच्या घरी पाठवावी आणि पालकांची सही घेऊन परत मागवावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वर्गशिक्षकांनी ती मोठ्याने वाचून दाखवावी. आपल्या लेकराचे नाव बरोबर आहे की नाही, हे आईइतके नेमके कोणालाही सांगता येत नाही. कागद आणि वेळ यांचा खर्च होतो, हे खरे. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकीचे नाव छापून आल्यानंतर पालकांना ज्या फेऱ्या माराव्या लागतात, त्यांच्या मानाने तो काहीच नव्हे.

वेळेचाही हिशेब आधी करावा. शाळेत ६०० मुले आहेत आणि एका नोंदीला, तपासणीसह, दहा मिनिटे लागतात असे धरा. ६,००० मिनिटे, म्हणजे १०० तास झाले. एकट्या कारकुनाने रोज दोन तास दिले तरी ५० दिवस लागतील. तेच काम बारा वर्गशिक्षकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ-साडेआठ तास येतात. परंतु सर्व वर्ग एकदम हाती घेऊ नयेत. आधी एकच वर्ग घ्यावा, त्याची प्रवेशनोंद, हजेरी आणि एका चाचणीचे गुण एवढेच महिनाभर चालवून पाहावे, अडचणी लिहून काढाव्यात आणि मग पुढे सरकावे. निदान एक वर्षपर्यंत कागदी वही आणि यंत्र ही दोन्ही चालू ठेवावीत. काम जाणणारी माणसेही दोन असावीत. एकच माणूस सर्व जाणतो आणि त्याची बदली होते, तेव्हा शाळेची दशा किल्ली हरवलेल्या कपाटासारखी होते.

आता सॉफ्टवेअर निवडावयाचे कसे? ओपनसिस किंवा गिबन यांसारखी काही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात; इतर काहींचे दर वर्षी दर विद्यार्थ्यामागे पैसे मोजावे लागतात. विनामूल्य म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. ते सांभाळणारा जाणता माणूस लागतोच. विकत घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. उद्या आम्ही तुमची प्रणाली सोडली तर आमच्या सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळतील काय? यू-डायसला लागणारी माहिती यातून काढता येईल की पुन्हा हाताने भरावी लागेल? आणि आमच्या मुलांची माहिती कोठे ठेवली जाते, ती कोण कोण पाहू शकतो? पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर तेथेच थांबावे. शाळेच्या नोंदी शाळेने सांभाळावयाच्या असतात. त्या कोणा कंपनीकडे गहाण टाकावयाच्या नसतात. नोंदींच्या प्रतीही तीन असाव्यात: एक शाळेच्या संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर. सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून नोंदी खरोखर परत मिळतात की नाही, हेही करून पाहावे.

तिसरी गोष्ट मर्यादेची. रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे, असे नाही. मुलाची जात, आजार, घरची मिळकत, आईचा फोन क्रमांक ही माहिती आपणांकडे विश्वासाने आलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. कायदा नसता तरी शिक्षकाचा धर्म हेच सांगतो. वर्गशिक्षकाला आपल्या वर्गापुरतेच दिसावे, फीचा हिशेब पाहणाऱ्याला गुण दिसण्याचे कारण नाही, आणि परवलीचा शब्द प्रत्येकाचा वेगळा असावा. तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवणे म्हणजे तिजोरीला किल्ली टांगून ठेवणे होय. वर्गाची संपूर्ण यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. मुलाचा बारा आकडी अपार क्रमांक काढावयाचा तर पालकांची संमती लागते. ती सही घेताना ती कशासाठी घेत आहोत हे पालकांना त्यांच्या भाषेत सांगावे. आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

या सर्व खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आपल्याच शिवारात मिळेल. दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. बैलगाडीबरोबर आणि ट्रॅक्टरबरोबर त्यांची मुलेही येतात. अशी एक नऊ वर्षांची मुलगी आपल्या शाळेच्या दारात उभी आहे असे समजा. यू-डायस प्लसच्या रीतीप्रमाणे आधीच्या शाळेने तिचे नाव मोकळे करावयाचे असते, आणि मग नव्या शाळेने तिचा पेन क्रमांक व जन्मतारीख टाकून तिला आपल्या यादीत घ्यावयाचे असते. गावच्या शाळेने तारीख उलटी लिहिली असेल तर खरी तारीख टाकूनही ती मुलगी सापडत नाही. मग कोणी तिची नवी नोंद करू पाहतो, कोणी ‘दाखला आण’ म्हणून तिला परत पाठवतो, आणि मुलगी फडातच राहते. चूक एका आकड्याची असते. वर्ष मात्र त्या मुलीचे जाते.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक शाळेने जाणून असावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी दाखला मागितला तर तो तत्काळ द्यावा, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असे त्याच्या पाचव्या कलमात सांगितले आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा क्रम असा असावा: मुलीला आधी वर्गात बसवावे, वही-पाटी द्यावी, दुपारचे जेवण द्यावे, आणि मग शिक्षकांनी आधीच्या शाळेला फोन करून नोंद दुरुस्त करून घ्यावी. पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली म्हणून मूल उंबऱ्याबाहेर उभे राहू नये. यंत्र जेथे अडते तेथे माणसाने पुढे व्हावयाचे असते, आणि माणूस पुढे झाला की बहुधा यंत्रालाही मार्ग सापडतो.

तेव्हा, शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेत हे काम सुरू होणार असेल तर येत्या आठवड्यात एवढेच करा. जनरल रजिस्टर कपाटातून काढा, एकच वर्ग निवडा, आणि त्या वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव व जन्मतारीख त्याच्या आईवडिलांसमोर वाचा. श्रोत्यांपैकी जे पालक असतील त्यांनीही शाळेकडे आपल्या मुलाची छापील नोंद मागावी आणि ती डोळ्यांत तेल घालून पाहावी. शाळेला त्याचा राग येण्याचे कारण नाही. संगणकाचे बटण दाबण्याचा मुहूर्त त्यानंतर धरला तरी काही बिघडत नाही.