तीन अक्षरें आणि एक हरवलेला दिवस

रात्रीं बारा वाजले म्हणजे तारीख बदलते, हें मारेगावच्या शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. परंतु कोणत्या घड्याळाचे बारा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. सूर्याच्या हिशेबानें यवतमाळ जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारें पंधरा मिनिटें मागें आहे. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजीं सुरू झाली. तरी मुंबई शहरानें एकोणचाळीस मिनिटें मागें असलेला आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाहीं. संगणकांत भारतीय वेळ ‘आयएसटी’ अशा तीन अक्षरांनीं लिहितात, आणि घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे. कारण इस्रायल व आयर्लंड हे देशहि आपापल्या वेळेस तींच अक्षरें लावतात.

मायएस्क्यूएल हें माहितीचें कोठार जगभर वापरलें जातें. हें कोठार आणि हिशेबाचा प्रोग्राम यांच्यामध्यें ‘ड्रायव्हर’ नांवाचा दुभाष्या असतो. जावा भाषेंतील प्रोग्रामांसाठीं असलेल्या या दुभाष्याची ८.० ही मालिका २०१८ सालीं सर्वांच्या वापरासाठीं बाहेर आली. जोडणी होतांच तो कोठाराला त्याची वेळ विचारी. ‘आयएसटी’ असें उत्तर आलें कीं, हें नांव अनोळखी किंवा अनेकार्थी आहे, असें सांगून काम नाकारी. काल चाललेले प्रोग्राम आज बंद पडले. पुष्कळांनीं त्रासून दुभाष्यासच दोष दिला. वास्तविक, संदिग्ध उत्तरावर अंदाज न बांधतां थांबणें हें चांगल्या कारकुनाचेंच लक्षण होय.

खरें नुकसान झालें तें पुढें. जोडणीच्या ओळींत ‘यूटीसी’, म्हणजे ग्रीनिचशीं जुळणारी जागतिक वेळ, लिहिली कीं तक्रार थांबते, हा उपाय कर्णोपकर्णीं पसरला. तक्रार थांबली खरी. पण समजा, मारेगावच्या बाजारांत एका शेतकऱ्याच्या कापसाची खरेदी १ डिसेंबरला झाली. नुसती तारीख दिली तर प्रोग्राम ती त्या दिवसाच्या आरंभींची, म्हणजे मध्यरात्रीची धरतो. ग्रीनिच साडेपांच तास मागें. म्हणून दुभाष्यानें ती ३० नोव्हेंबरच्या सायंकाळीं साडेसहाची केली. रकान्यांत केवळ तारखेपुरतीच जागा असेल तर ‘साडेसहा’ गळून पडतें आणि ३० नोव्हेंबर तेवढी उरते. मग थेट कोठारांतून १ डिसेंबरची यादी काढली कीं तींत त्याचें नांव नसतें. आणि तो तर पावती घेऊन खिडकीशीं उभा असतो.

योग्य उपाय होता ‘आशिया/कोलकाता’ असें निःसंदिग्ध नांव लिहिण्याचा. जानेवारी २०२१ मधील ८.०.२३ या आवृत्तीपासून, वेगळें सांगितलें नसेल तर, प्रोग्राम चालतो त्या यंत्राचीच वेळ गृहीत धरली जाऊं लागली. परंतु मधल्या काळांतील नोंदी त्यामुळें आपोआप सुधारत नाहींत. तारखेबरोबर वेळहि जपली असेल, तर सायंकाळीं ठीक साडेसहाच्या नोंदींची अकारण गर्दी पाहून त्या ओळखतां येतात. नुसती तारीख असेल, तर कागदी पावत्या काढून एकेक नोंद ताडून पाहावी लागते. आणि पावती शेतकऱ्याजवळच असेल, तर त्यालाच पुन्हां बोलावून घ्यावें लागतें.