डोंगर चालायला निघालेल्या पोरींची तयारी

सोयाबीन घरात आलं, कापसाची वेचणी सुरू आहे, तूर अजून शेतात उभी आहे. या गडबडीतही आमच्या बचत गटाच्या बैठकीत यंदा एका विषयावर दोन तास बोलणं झालं. गावातली अकरा लेकरं, त्यात सहा मुली, डिसेंबरात चार दिवस पायी डोंगर चालायला जाणार आहेत. जायचं आहे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. अकोले म्हणजे आपलं शेजारचं अकोला नव्हे बरं का. वाशिमहून रेल्वेनं अकोला, तिथून इगतपुरी आणि पुढं गाडीनं रतनवाडी. पहिल्या दिवशी रतनगड चढून उतरायचा. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. तिसऱ्या दिवशी पाचनई. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड. मुक्काम गावांतल्या घरी. सोबत दोन शिक्षक, आपल्या गटातल्या दोघीजणी आणि तिथला एक वाटाड्या.

बैठकीत पहिला प्रश्न आला तो नेहमीचाच. पोरांचं ठीक आहे, पोरींना कशाला पाठवायचं? आम्ही तो प्रश्न टाळला नाही. प्रत्येकीला विचारलं, तुला नेमकी कशाची भीती वाटते? मग एकेक बाहेर आलं. पाळी आली तर? पाय मुरगळला तर? साप निघाला तर? मागं राहिली तर? यातल्या प्रत्येक भीतीवर काहीतरी तयारी करता येते. म्हणून आम्ही ठरवलं, आधी सहा आठवडे तयारी करू आणि मग ज्या घरानं त्या घराचा निर्णय घ्यावा. ती तयारी काय, तेच आज सांगतो.

चालणं आपल्या पोरींना नवं नाही. शेतात जातात, शाळेत जातात. पण पाठीवर ओझं घेऊन, चढ-उतारावर, सलग चार दिवस चालणं वेगळं. शेगावची पालखी दरवर्षी मेडशी, शिरपूर, रिसोडवरून पंढरपूरला जाते. ज्या बाया अशा वारीत चालल्या आहेत त्यांना विचारा. पहिला दिवस हौसेनं जातो, पाय बोलायला लागतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून सराव एकाच दिवशी दमून करायचा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून तीनदा चार-पाच किलोमीटर. मग हळूहळू दहा-बारा. चौथ्या आठवड्यापासून पाठीवर पिशवी. आणि पाचव्या आठवड्यात शनिवार-रविवार असे दोन दिवस लागोपाठ, कारण दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठून चालणं हाच खरा सराव. गावाबाहेरची टेकडी चढायची तशी उतरायचीही. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात.

आता जोडे. जोडे निघायच्या आदल्या दिवशी घ्यायचे नाहीत, सरावाच्या पहिल्या आठवड्यातच घ्यायचे. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून जोडा घाला, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. तळव्याला खाचा हव्यात. महागडा ब्रँड नको, पण पायात रुळलेला जोडा हवा. मोज्यांचे तीन जोड द्या. ओला मोजा म्हणजे फोड आलाच. कुठं चुरचुरलं, गरम लागलं, की तिथंच थांबून चिकटपट्टी लावायची. मुक्कामाला गेल्यावर बघू म्हटलं की तोवर फोड येतो. आलेला फोड फोडायचा नाही, झाकायचा.

पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. पोरगी बेचाळीस किलोची असेल तर पाण्यासकट सात किलो. घरच्या तराजूवर पिशवी तोलून बघा. अंथरूण तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून मधोमध, विजेरी, शिट्टी, पाणी आणि औषधं हाताशी. आईचं मन आणखी एक स्वेटर, आणखी एक डबा टाकतं. माय टाकते ते लेकीला चार दिवस वाहावं लागतं, हे लक्षात ठेवू. पण एक जाड स्वेटर आणि कानटोपी हवीच. डिसेंबरात गडाखाली पहाटे चांगलीच थंडी असते.

खाण्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची कोरडी चटणी. दर तासाला मूठभर खायचं. पाणी तीन लिटर प्रत्येकाजवळ, आणि तहान लागायच्या आधी घोट घोट प्यायचं. बऱ्याच मुली बाहेर लघवीला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यानं डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीची जळजळ होते. तेव्हा दर दोन तासांनी मुलींसाठी थांबा असेल, हे आम्ही शिक्षकांकडून आधीच ठरवून घेतलं आहे. अशक्तपणा वाटला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

आता आपल्या घरात हळू आवाजात बोललं जातं ते मोठ्यानं बोलू. पाळी येऊ शकते, तारीख नसली तरी येऊ शकते, चालण्याच्या ताणानं पुढे-मागे होते. प्रत्येक मुलीच्या पिशवीत पॅड किंवा धुतलेले कोरडे कापड, दोन जास्तीच्या चड्ड्या आणि वापरलेलं गुंडाळून परत आणायला घट्ट बंद होणारी पिशवी. गडावर टाकायचं नाही. पाळीत चालता येतं, पण पोटात दुखलं तर सोबतच्या ताईला लगेच सांगायचं. आणि निघण्याच्या महिनाभर आधी आशाताईला सांगून उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. पंधरा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर तिला चढावर धाप लागणार. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कचऱ्यात जाते की पोटात, ते विचारा. चार दिवसांसाठी म्हणून नाही, तिच्या आयुष्यासाठी विचारा.

वाटेवरचे नियम मुलांनी स्वतः लिहून शाळेच्या भिंतीवर लावले आहेत. सगळ्यात सावकाश चालणारा सगळ्यात पुढे, म्हणजे कुणी मागं पडत नाही. शेवटी एक मोठं माणूस. वाट फुटते तिथं सगळे थांबणार आणि मोजणी होणार. एकटं कुणी कुठं जाणार नाही, जोडी-जोडीनं. चुकलंच तर धावाधाव न करता आहे तिथंच थांबायचं, तीनदा शिट्टी वाजवायची. कड्यावर फोटोसाठी काठाला जायचं नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा सरळ खाली तुटलेला आहे, तो लांबून बघायचा. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, कारण गडांच्या कपारीत आग्यामाशांची पोळी असतात. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो भाग न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. डोंगरात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून रोज मुक्कामावरून निरोप कुणी कुणाला द्यायचा तेही लिहून ठेवलं आहे. स्वयंपाक आणि भांडी सगळ्यांनी पाळीनं करायची, पोरांनीसुद्धा.

मैत्रिणींनो, एवढं सगळं करूनही एक तयारी राहते, आणि ती बाजारात मिळत नाही. आपल्या पोरींना आपण सोसायला शिकवतो. दुखलं तरी गप्प, भूक लागली तरी गप्प. घरात याला शहाणपण म्हणतात. डोंगरावर हाच गुण घात करतो. जी पोरगी फोडाबद्दल बोलत नाही, ती दुपारी लंगडते, सगळ्यांना उशीर होतो, आणि डिसेंबरात सहाला अंधार पडतो. म्हणून सरावात आम्ही प्रत्येकीला एक वाक्य मोठ्यानं म्हणायला लावतो, ‘थांबा, मला त्रास होतोय.’ पहिल्या दिवशी पोरी हसल्या, लाजल्या. तिसऱ्या आठवड्यात एकीनं खरंच म्हटलं आणि सगळे थांबले. कुणी हसलं नाही. पोरांनाही तेच वाक्य म्हणायला लावतो, कारण त्यांना दुसऱ्या कारणासाठी गप्प बसायला शिकवलेलं असतं.

आपल्याच विदर्भातलं उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा आदिवासी मुलं-मुली २०१८ साली ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत एव्हरेस्टवर गेली. आधी कितीतरी महिने त्यांनी सराव केला, दार्जिलिंगला, लडाखला. त्यातले पाच जण मे महिन्यात शिखरावर पोचले. मनीषा धुर्वे ही मुलगी त्यांत होती. बाकीचे पाच जण शिखरापर्यंत गेले नाहीत. आम्ही आमच्या लेकरांना दोन्ही गोष्टी सांगतो. शिखर गाठणं मोठं आहे, आणि वेळ पाहून मागं फिरणं हेही चालणाऱ्याचं कामच आहे. रतनगडाच्या लोखंडी शिडीपाशी एखादीचे पाय थरथरले तर ती खाली थांबेल, तिच्यासोबत एक ताई थांबेल. घरी आल्यावर तिला कुणी ‘चढली नाही का गं?’ म्हणून टोचायचं नाही, एवढं आपण बायांनी पाळायचं.

सहापैकी चार मुलींच्या घरून होकार आला आहे. दोन घरांत अजून बोलणं सुरू आहे. त्यांच्या वडिलांना आम्ही येत्या रविवारच्या सरावाला बोलावलं आहे, पोरगी कशी चालते ते त्यांनीच बघावं. तुमच्याही गावात शाळेची, कॉलेजची, स्काऊट-गाईडची अशी सहल निघाली तर लगेच नाही म्हणू नका आणि डोळे मिटून हो म्हणू नका. सोबत कोण आहे विचारा, बाई माणूस आहे का विचारा, मुक्काम कुठं ते विचारा. आणि सहा आठवडे लेकीसोबत तुम्हीही चालायला निघा. आम्ही निघालो आहोत.