घरकुल मंजूर झाल्यावर आपण काय करावे?



आम्ही मिलमध्ये धानाची पोती मोजणारी माणसं. तोच हिशोब घरकुलालाही लावला पाहिजे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, तेव्हा आपल्यासारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी १,३०,००० रुपये ठरले आणि घर किमान २५ चौरस मीटरचे.

पण पैसा एकदम येत नाही, हप्त्याने येतो. काम जसे वर चढते, तसा फोटो निघतो, मग पुढचा हप्ता. म्हणून मंजुरीचा कागद व पहिला हप्ता येईपर्यंत कवेलूचे जुने घर पाडू नका. आपल्यातल्याच एका माऊलीने ठेकेदाराच्या भरवशावर मे महिन्यात भिंती पाडल्या. हप्ता अडला, अख्खा पावसाळा लेकरांसह ताडपत्रीखाली काढला.

पासबुक घरच्या बाईजवळच राहू द्या, ठेकेदाराजवळ नको. आपण विहारात एक वही ठेवू: मंजुरी कधी, हप्ता कोणता, विटा, रेती, सिमेंट किती. दर पौर्णिमेला ती वाचू. ज्याचा हप्ता अडला, त्याच्यासोबत दोघे जातील; वडशाचा असेल तर नगरपरिषदेत, खेड्यातला असेल तर पंचायत समितीत. एकट्याला उद्या या म्हणतात, तिघांना खुर्ची देतात.

जयभीम!