जैवविघटनशील फिल्म आणि तिच्यातील स्फटिक
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणावरून)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. तरीही आज रसायनशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकीत आहोत. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि ‘जैवविघटनशील’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. त्या शब्दावर भरवसा किती ठेवावा, हे पाहणे अगत्याचे आहे.

साजूक तूप सावकाश निवू दिले तर रवाळ होते, घाईने थंड केले तर रवा बारीक राहतो, हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. बहुवारिकांचेही तसेच आहे. १९२६ साली पाश्चर संस्थेतील मॉरिस लेमॉइन्य यांनी जिवाणूंच्या पेशींत साठणारा पीएचबी हा पदार्थ उजेडात आणला. तो सुमारे १७५ अंश सेल्सियसला वितळतो. निवताना एकेका केंद्रबिंदूपासून पातळ पट्ट चहूकडे वाढत जाऊन स्फटिकगोल बनतो. ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर काळा क्रूस आणि एकात एक वलये दिसतात. वाढताना पट्ट पिळत जातात, त्याची ही खूण. फिल्मचा पृष्ठभागही वलयांनुसार उंचसखल होतो.

रूप मनोहर खरे, पण ते महागात पडते. पीएचबी अतिशय शुद्ध असल्याने केंद्रबिंदू थोडे आणि गोल मोठे. मोठ्या गोलांना तडे जातात. शिवाय साध्या हवेतही स्फटिकीभवन चालूच राहते व फिल्म दिवसेंदिवस ठिसूळ होते. म्हणून बोरॉन नायट्राइडासारख्या पदार्थाची अल्पशी भर घालून केंद्रे वाढवितात. मग गोल लहान व दाट होतात.

कुजण्याची गोष्टही स्फटिकांशीच निगडित आहे. जिवाणूंची एंझाइमे आधी विस्कळित रचनेचा भाग फस्त करतात; घट्ट रचलेले स्फटिक मागे उरतात. तरीही पीएचबी मातीत व समुद्रातही कुजते. मका वा उसाच्या साखरेपासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाला मात्र सुमारे ५८ अंशांची दमट ऊब लागते. ती कंपोस्टच्या कारखान्यात मिळते, अंगणातल्या खड्ड्यात नव्हे. समुद्रात तर मुळीच नाही.

दोन्ही पदार्थांवर शब्द मात्र एकच छापलेला असतो! तेव्हा बंधुभगिनींनो, पिशवी घेताना ती कोठे कुजेल, हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि आपल्या मंडळाच्या पंगतीला शक्यतो पानांची पत्रावळ किंवा धुऊन ठेवता येणारे ताटच मांडावे, एवढीच आमची विनंती आहे.