कसोटीवरची रेघ



विहीर खणताना नाहीतर नाल्याकाठी कुणाला गारेचा एखादा दगड सापडतो. त्यात पिवळं काहीतरी चमकतं. झालं! गावभर बातमी होते की, अमक्याच्या शेतात सोनं लागलं. दुसऱ्या दिवशी एखादा मुलगा तो दगड शाळेत घेऊन येतो. "गुरुजी, हे सोनं आहे का?" गुरुजींनी काय सांगावं, तेवढंच आज पाहू या.

आधी सोनं खडकात येतं कसं? कर्नाटकातलं कोलार घ्या. तिथं १८८० नंतर मोठ्या प्रमाणावर खाणकाम सुरू झालं आणि २००१ साली ते थांबलं. तेवढ्या काळात ८०० टनांच्या आसपास सोनं निघालं. खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. तिथले काळसर, लोहयुक्त खडक सुमारे २७० कोटी वर्षांचे जुने आहेत.

अशा खडकांच्या भेगांतून खोलवरचं अतिशय कढत पाणी वर चढलं. साध्या पाण्यात सोनं विरघळत नाही. पण या पाण्यात गंधक होता, आणि गंधकाच्या आधारानं सोनं अगदी थोडं विरघळतं. वाटेत पाण्याचा दाब उतरला. खडकातल्या लोखंडानं पाण्यातला गंधक ओढून घेतला. लोखंड आणि गंधक मिळून पायराइट नावाचं पिवळं खनिज झालं. सोन्याचा आधार सुटला, ते तिथंच बसलं. पाण्यातली गार साचून भेग बुजली, ती पांढरी शीर झाली.

म्हणजे पायराइट हा सोन्याचा शेजारी, बरं का! पण शेजारी म्हणजे घरधनी नव्हे. पायराइट दगडी कोळशातही सापडतो, तिथं सोन्याची खाण नसते. आपल्या देशावरच्या काळ्या पाषाणातल्या गारगोट्याही पाण्यानंच साचवल्या. म्हणून त्यांत सोनं असतं असं नाही.

मग ओळखायचं कसं? सोनार कसोटीवर रेघ ओढतो, तेच करा. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला झिलई नसलेली खरखरीत कडा असते. तिच्यावर तो पिवळा कण घासा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते. पायराइटची हिरवट काळी. दुसरी परीक्षा हातोडीची. सोनं ठोकलं की चपटं होतं, पायराइटचा चुरा होतो. पिवळ्या अभ्रकाचे नखानं पापुद्रे निघतात.

रेघ काळी उमटली, तर मुलाला हिरमुसू देऊ नका. कढत पाणी, गंधक आणि लोखंड यांची गोष्ट त्याला सांगा. आणि उद्या कुणी चमकता दगड दाखवून पैसे मागायला आला, तर मंडळी, आधी रेघ ओढा. कनवटीला हात मग घाला.