शंभराचे त्र्याहत्तर



दोन कंपन्या एक झाल्या की लोक विचारतात, ‘आता शेअर कुठे जाणार?’ याचं उत्तर मी देणार नाही. शेअरची किंमत आपली आपण कशी मापायची, तेवढं सांगतो. उदाहरण पवईचं घेऊ, एलटीआयमाइंडट्रीचं.

बंगळुरूच्या माइंडट्रीवर लार्सन अँड टुब्रोने 2019 मध्ये ताबा मिळवला, तोही संस्थापकांचा विरोध असताना. एलटीआय ही लार्सनचीच आयटी कंपनी. तिच्यात माइंडट्री विलीन होणार, हे 6 मे 2022 रोजी जाहीर झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमलातही आलं. माइंडट्रीच्या 100 शेअरना एलटीआयचे 73, असं प्रमाण ठरलं. सत्तावीस शेअर बुडाले की काय, अशी धास्ती वाटणं साहजिक आहे. पण इथे शेअरची संख्या मोजून काहीच कळत नाही. एकेका शेअरच्या वाट्याला नफा किती येतो, ते पाहायचं.

2021-22 मध्ये एलटीआयचा नफा सुमारे 2,300 कोटी होता आणि शेअर साडेसतरा कोटी. म्हणजे शेअरमागे 131 रुपये. माइंडट्रीचा नफा 1,650 कोटी, शेअर साडेसोळा कोटी, म्हणजे शेअरमागे 100. विलीनीकरणात या साडेसोळा कोटींचे झाले बारा. आता एकत्र नफा 3,950 कोटी, एकूण शेअर साडेएकोणतीस कोटी. शेअरमागे 134 रुपये. ज्याच्या शंभर शेअरमागे दहा हजारांचा नफा होता, त्याच्या त्र्याहत्तर शेअरमागे आता 9,780 चा आला. दोनेक टक्के त्याने सोडले, एलटीआयवाल्याने तेवढेच कमावले. यात लुबाडणूक नाही आणि दानधर्मही नाही!

म्हणजे अदलाबदलीचं प्रमाण हा वादाचा मुद्दा नव्हताच. किंमत ठरणार होती ती पुढच्या आश्वासनांवर. मोठी कंत्राटं मिळतील, एकाच्या ग्राहकाला दुसऱ्याची सेवा विकता येईल, खर्च वाचेल. विलीनीकरणाच्या प्रत्येक सादरीकरणात हे असतंच. मी ते वाचतो आणि बाजूला ठेवतो. नंतरचे ताळेबंद मात्र बाजूला ठेवत नाही.

ते काय सांगतात? विलीनीकरणापूर्वी दोन्ही कंपन्यांना शंभर रुपयांच्या कामातून सतराहून अधिक रुपये कार्यकारी नफा सुटत होता. एकत्र आल्यावर 2022-23 मध्ये हे प्रमाण 16.2 टक्के झालं, पुढच्या वर्षी 15.7, आणि 2024-25 मध्ये 14.5. उत्पन्न दोन वर्षांत 33,183 कोटींवरून 38,008 कोटींवर गेलं, म्हणजे साडेचौदा टक्के वाढ. निव्वळ नफा मात्र 4,410 वरून 4,602 कोटी, जेमतेम चार टक्के. अमेरिकेतल्या ग्राहकांनी हात आखडला, हे खरं. पण तो फटका साऱ्याच आयटी कंपन्यांना बसला. अशा दिवसांत टिकाव धरायलाच तर मोठं व्हायचं होतं ना?

आता किंमत. 2024-25 चा शेअरमागे नफा साधारण 155 रुपये. बाजाराने त्याला वीसपट भाव दिला तर 3,100, तीसपट दिला तर 4,650. नफा तोच, फरक दीड हजारांचा! हा फरक भरून निघतो तो वाढीच्या भरवशावर. माझ्या मते, दोन वर्षांत नफा चार टक्के वाढवणाऱ्या कंपनीला तीसपट देणं म्हणजे आश्वासनालाच रोख पैसे मोजणं. कार्यकारी नफा पुन्हा सतरा टक्क्यांवर येऊन वर्षभर टिकला, तर मी माझं मत बदलेन.

जाता जाता, ज्यांच्याकडे माइंडट्रीचे जुने शेअर होते त्यांच्यासाठी. खरेदीची कागदपत्रं फेकू नका. 2019 मध्ये 980 रुपयांनी शंभर शेअर घेतले असतील, तर ते 98,000 रुपये आता 73 शेअरवर वाटले जातात. दर शेअरची खरेदी किंमत सुमारे 1,342 रुपये. विकाल तेव्हा कर या आकड्यावरून मोजायचा, आणि मुदत धरायची ती 2019 च्या खरेदीपासून.