फेऱ्यांचे गणित

भारतातील विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाह दर सेकंदाला जितकी आवर्तने घेतो तो आकडा, 50 असल्याने 4 ध्रुवांच्या जनित्राला मिनिटाला 1500, तर 2 ध्रुवांच्या जनित्राला 3000 फेरे घ्यावे लागतात. 3000 फेऱ्यांचा डिझेल संच हलका आणि स्वस्त असतो. मात्र त्याचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तेवढ्याच वेळात दुप्पट वेळा खाली-वर होत असल्याने झीज व आवाज दोन्ही वाढतात. कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळांवरची जुनी ऑईल इंजिने तर 1500 फेऱ्यांहूनही संथ चालत आणि चरकात उसाची जाड मोळी शिरली तरी जड चाकाच्या जोरावर दम सोडत नसत. अशा इंजिनावर जनित्र चालवायचे तर पट्टा आणि लहान-मोठ्या पुल्या लावून वेग वाढवावा लागतो. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांसारख्या प्रसंगी, वीज दिवसेंदिवस येत नसताना, दवाखान्याचा सलग भार 1500 फेऱ्यांच्या, पाण्याने थंड होणाऱ्या संचावरच टाकावा. मंडपातील चार दिव्यांसाठी मात्र तो आणणे म्हणजे उगाच ओझे वाहणे होय. खरेदीपूर्वी संचावरील पाटीवर फेऱ्यांचा आकडा अवश्य पाहावा, कारण केव्हीएचा, म्हणजे क्षमतेचा आकडा 1500 आणि 3000 फेऱ्यांच्या दोन्ही संचांवर सारखाच असू शकतो.